मास्तरांचा गंधार

मास्तरांच्या शोकसभेला मी रडायला गेले नव्हते. पेटी अडवायला गेले होते. त्यांची ती जुनी पेटी काकू, म्हणजे मास्तरांची बायको, चिमणीला देणार असं कानावर आलं होतं. चिमणी माझ्याबरोबरच शिकलेली. आता तिचा स्वतःचा गाण्याचा वर्ग आहे, खोलीभर पोरं. म्हटलं, आमचं वाटोळं झालं ते झालं, निदान ती पोरं तरी वाचू देत.

मास्तर आम्हा सगळ्या मुलींना एकाच पट्टीत शिकवायचे. तंबोरा नको, तो जुळवण्यात निम्मा वेळ जातो म्हणायचे. ते पेटीवर सूर धरणार, आम्ही त्याला गळा लावणार. पेटी बिघडली तर कारागिराला हात लावू द्यायचे नाहीत. चष्मा कपाळावर चढवून स्वतःच आतल्या सुरांच्या पितळी पट्ट्या घासत बसायचे. आम्हाला त्याचं केवढं कौतुक! मी तर त्यांच्यावरून जीव ओवाळून टाकला असता. आमच्या घरात माझं बोलणं कुणी धड ऐकून घ्यायचं नाही, आणि हा माणूस डोळे मिटून माझं गाणं ऐकायचा. ऐकायचा म्हणे!

पुढे एका नाटक कंपनीत गाणारीची जागा निघाली. मी ऐटीत गेले. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी दुसऱ्याच ओळीला थांबवलं.

"गंधार परत लाव."

लावला.

"उतरलाय. परत."

पुन्हा लावला. मग त्यांनी आपल्या पेटीवर तो सूर दाबून धरला. खरं सांगते, मला तो टोचला. वाटलं, यांचीच पेटी चढलेली असणार. बाई म्हणाल्या, "गळा सोन्यासारखा आहे गं तुझा. कान कुणी नासवला?"

तशीच तणतणत मास्तरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते हसले. "पोरी, हल्ली लोकांच्या पेट्याच चढलेल्या असतात. आपण आपला सूर सोडायचा नाही."

काकूंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि नळ सोडून ठेवला. म्हणाल्या, "त्यांच्या कानाने दगा दिलाय. तो सूर त्यांना आहे त्याहून चढा ऐकू येतो, म्हणून घासून घासून उतरवतात."

"आणि तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"सांगितलं असतं तर हाय खाल्ली असती गं त्यांनी. तुम्ही पोरी लहान आहात. तुमचं काय, सुधारेल."

सुधारेल! डोंबल सुधारेल. दुसऱ्या बाईंकडे गेले, घसा फुटेपर्यंत घोकलं. सावध असले की गंधार बरोबर लागायचा. जरा कुठे रंगले की मास्तरांचाच यायचा. म्हणजे गायचं, पण रंगायचं नाही. असलं गाणं काय चाटायचंय? सोडून दिलं. आता दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते. आवाज गोड आहे हो तुमचा, म्हणतात लोक. आतल्या आत जळते मी.

तर शोकसभा. लाँड्रीवरची आमच्या शिकवणीची तीच खोली, खालून येणारा तोच इस्त्रीचा वास. भाषणं झाली. मग चिमणी पेटीवर बसली आणि म्हणाली, मास्तरांच्या आवडीचं सगळ्या मिळून म्हणू या. मी तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. पण उघडलं. गंधार आला आणि आम्ही सगळ्या जणी एकाच जागी येऊन बसलो, तंतोतंत. कितीतरी वर्षांनी मला गाताना सावध राहावं लागलं नाही. मी ढसाढसा रडले. त्या माणसाचा इतका संताप आला, आणि तो इतका हवासाही वाटला.

लोक पांगल्यावर चिमणीला गाठलं. "चिमणे, ही पेटी पोरांपुढे ठेवू नकोस. हिचा गंधार उतरलाय. मास्तरांना आपल्या वेळेपासूनच नीट ऐकू येत नव्हतं. आपल्या सगळ्यांचाच कान गेलाय गं." मी काकूंकडे वळले. "सांगा ना काकू तिला."

काकू सतरंजीची घडी घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मला बाई गाण्यातलं काय कळतंय."

चिमणीने डोळे पुसले, माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिला माझी दयाच आली असावी. "अगं, उतरलाय कुठे? आत्ताच तर सगळ्यांचं कसं छान जुळलं. तुझंसुद्धा."

तिने पेटीची एक कडी धरली. "ती दुसरी बाजू धर ना जरा. जिना अरुंद आहे, आणि खाली पोरं वाट बघतायत."

मी धरली.