पाच नंबरची बाटली

“हात धुतले होतेस का?”

डाकबंगल्याच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्या सबनीस सरांनी बाटली उजेडाकडे धरली आणि विचारलं. समोर श्रीपत उभा होता. मांड्यांपर्यंत ओला, हातात लाकडी खोका, खोक्यात चार बाटल्या. पाचवी सरांच्या हातात. चार बाटल्यांच्या तळाशी तपकिरी साका बसला होता, पाचवीच्या तळाशी मात्र पांढराफेक.

“धुतलं व्हतं, सायेब.”

“कशाने?”

“नदीच्याच पान्यानं.”

“म्हणजे झालंच.” सर हसले. त्यांच्याबरोबर मुंबईहून आलेले दोन विद्यार्थीही हसले, कारण सर हसले की हसायचं हा त्यांच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा होता. “अरे, हे विज्ञान आहे. तुमच्या वाडीत पाणी भरतात तसं इथे चालत नाही. साबणाने हात धुवायचे, बाटली धुवायची, मग नमुना घ्यायचा. तुम्हा लोकांना स्वच्छता शिकवायची म्हणजे...”

वाक्य अर्धंच राहिलं, कारण आतून तळलेल्या माशाचा वास आला आणि सर उठले.

सबनीस सर मुंबईच्या एका संस्थेतले शास्त्रज्ञ. सावित्री नदी पोलादपूरकडून महाडावरून खाली बाणकोटच्या खाडीला मिळते. त्या वाटेवर तिच्या पाण्यात प्राणवायू कुठे किती असतो आणि त्याचा खाडीतल्या माशांवर काय परिणाम होतो, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. चाललं होतं म्हणजे श्रीपत चालत होता. सर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जीपने येत, पंख्याखाली बसत आणि जेवण झाल्यावर नदीबद्दल फार कळकळीने बोलत. नदीशी त्यांची स्वतःची ओळख ताटातल्या तुकडीपुरतीच होती. पँटची घडी मोडेल म्हणून हा माणूस काठाच्या वाळूतसुद्धा उतरला नाही.

श्रीपतचं आधीचं आयुष्य वाळूच्या होड्यांवर गेलेलं. पंचेचाळिशी उलटली होती, नदीचा डोह न् डोह पायाखालचा. म्हणून सरांनी त्याला रोजंदारीवर घेतला आणि काम शिकवलं. पहाटेच्या एसटीने पोलादपूर गाठायचं आणि पाच ठरलेल्या जागी बाटल्या भरत खाली यायचं. बाटली पाण्याखाली धरून अशी भरायची की आत हवेचा एक बुडबुडा राहता कामा नये. मग दोन शिशांतली औषधं नळीने आत सोडायची, काचेचं बूच लावायचं, बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असला तर साका तपकिरी होतो, नसला तर पांढरा राहतो. बाकीचा हिशेब बंगल्यावर विद्यार्थी करत. श्रीपतच्या बाटलीत कधी बुडबुडा सापडला नाही. वर्षानुवर्षं पाण्यात राबलेले ते हात होते.

पाचवी जागा म्हणजे त्याच्याच वाडीचा पाणवठा. त्याच्या थोडं वर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचा नाला नदीला मिळे. उन्हाळ्यात वाडीच्या बायका तिथेच वाळू उकरून झरे करत आणि पाणी भरत.

पुढच्या महिन्यात श्रीपतने साबणाची नवी वडी घेतली. कोपरापर्यंत हात घासले, बाटली तीनदा खंगाळली. साका पांढराच. सरांनी या वेळी त्याला काही विचारलंही नाही. विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, “पाच नंबर याच्या वाडीचा ना? मग बरोबर आहे.”

श्रीपत घरी आला. बायकोने, मंजुळाने, भाकरी वाढली, तो हातांकडे बघत बसला.

“काय झालंय तुमाला? हात भाजलं काय?”

“नाय गो. सायेब म्हंतो, माज्या हातानं पानी खराब होतंय.”

मंजुळा चुलीपुढे थबकली. हे वाक्य त्या घरात नवीन नव्हतं. श्रीपतचा बाप गोमाजी याने तरुणपणी महाडच्या तळ्यात ओंजळ घातली होती आणि त्या ओंजळीपायी डोक्यात काठी खाल्ली होती. ती खोक मरेपर्यंत त्याच्या कपाळावर होती. ज्याच्या हाताने पाणी बाटतं म्हणत, त्याच्या पोराला जवळजवळ साठ वर्षांनी एक शिकलेला माणूस तेच शास्त्राच्या भाषेत सांगत होता.

“मग सोडा काम,” मंजुळा म्हणाली.

“सोडलं तर खरं ठरंल त्याचं.”

तिसऱ्या महिन्याच्या मंगळवारी श्रीपतने पोलादपूरलाच दोन बाटल्या भरल्या. तिथे पाणी आंबेनळीच्या डोंगरांतून धावत येतं, दगड मोजावेत इतकं नितळ. एका बाटलीवर एक नंबरची चिठ्ठी लावली, दुसरीवर पाच नंबरची. दोन्हींचा साका छान तपकिरी बसला.

“वा!” सर म्हणाले. “बघ, जमलं की नाही? हात धुतले की सगळं जमतं.”

शहाणा माणूस कुठे फसतो ते बघा. श्रीपतला वाटलं, ही बाटली नदीची परीक्षा नाहीच, त्याच्या हाताची आहे. वाडीचं पाणी कसं आहे हे त्याला नाकाने कळत होतं, त्यासाठी बाटली कशाला हवी होती? सरांच्या कागदावरचे आकडे सरांचे. ते मुंबईला जाणार आणि कपाटात पडणार. आपले हात स्वच्छ ठरले म्हणजे झालं. असे बावीस महिने त्याने पाच नंबरची बाटली पोलादपूरला भरली. आणि बावीस महिन्यांत त्या विद्वानाच्या मनात एकदाही आलं नाही, की पहिल्या आणि पाचव्या बाटलीचे आकडे जुळ्या भावांसारखे कसे येतात. उलट तो हरखला. नाल्यानंतर नदी स्वतःला आपोआप शुद्ध करून घेते, असा सिद्धांतच त्याने मांडला.

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर निळ्या पुठ्ठ्याचा छापील अहवाल आला. सरांनी एक प्रत श्रीपतला दिली. शेवटचं पान उघडून बोट ठेवलं आणि मराठीत करून वाचून दाखवलं, “नमुने अत्यंत काळजीपूर्वक व अचूक गोळा केल्याबद्दल श्री. श्रीपत गोमाजी हाटे यांचे आभार.” आणि वर म्हणाले, “संस्थेत अटेंडंटची कायमची जागा निघतेय. तुझं नाव सुचवलंय मी.”

आपल्या नावाआधी ‘श्री.’ लागलेलं श्रीपतने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. बापाचं नावही त्याच ओळीत होतं. त्याने अहवाल घरी नेऊन बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवला. आतलं इंग्रजी वाडीत कुणाला वाचता येत नव्हतं, पण ते नाव पाहायला माणसं येऊन गेली.

पुढच्या उन्हाळ्यात झऱ्यांना उग्र वास सुटला. पोरांच्या अंगावर फोड उठले. शेजारच्या म्हाताऱ्या जानकीबाईच्या पायांची कातडी पाण्यात उभी राहून राहून सोलली. वाडीने नळ मागायचा अर्ज केला आणि तो घेऊन तालुक्याच्या कचेरीत जायचं काम साहजिकच श्रीपतवर आलं. नाव छापून आलेला माणूस तोच.

कारकून दत्ताराम नात्याचा होता, माणूस वाईट नव्हता. पंधरा दिवसांनी श्रीपत पुन्हा गेला तेव्हा त्याने अर्ज परत पुढे सरकवला.

“नामंजूर झालाय. वरून शेरा आहे, पाणी पिण्याजोगं आहे.”

“कोन म्हंतो?”

दत्तारामने कपाटातून निळ्या पुठ्ठ्याचा अहवाल काढला. “हा म्हणतो. मुंबईचे शास्त्रज्ञ आहेत. दोन वर्षं दर महिन्याला पाणी तपासलंय. पाच नंबरची जागा, तुमचाच पाणवठा. प्राणवायू पोलादपूरच्या बरोबरीचा.” मग त्याने शेवटचं पान काढलं आणि हसला. “आणि नमुने कोणी आणले बघ. तूच. तूच सांगतोस पाणी चांगलं आहे, आणि तूच नळ मागतोस?”

श्रीपतने अर्ज घडी करून खिशात घातला. तो घरी गेलाच नाही. मंगळवार होता, सर अखेरचं सामान न्यायला आले होते. तो थेट डाकबंगल्यावर गेला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळा झाला.

सर आधी पांढरे पडले. मग त्यांनी उठून दार लावलं.

“कोणाकोणाला बोललास?”

“कुनालाच नाय.”

“बोलूही नकोस. पाचवा आकडा काढला तर सिद्धांतच उरत नाही. पुढच्या महिन्यात मला हे परिषदेत वाचायचंय.” मग जरा सावरून त्यांनी नेहमीचा सूर लावला. “शेवटी तुम्ही लोक ते तुम्ही लोकच. विश्वासाने काम दिलं, आणि ही लबाडी!”

“लबाडी केली, सायेब. पन आदी दोनदा खरं पानी आनलं व्हतं. तवा तुमी हात बगितलं, पानी बगितलं नाय.” श्रीपतचा आवाज चढला नव्हता. “आनि हवा शिरली तर पांडऱ्याचं तपकिरी होतंय. घान हातानं तपकिरीचं पांडरं होत नाय. मी वाडीचं पानी हवेत घुसळून बगितलंय, मला कळलं. तुमाला म्हायीत नव्हतं काय?”

सरांना ते माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही ते माहीत असतं. पण समोर श्रीपत उभा असला की त्यांना रसायनशास्त्र आठवत नसे.

“कायमची नोकरी पाहिजे ना तुला?” ते म्हणाले. “मग घरी जा. तुमच्या वाडीच्या नळाचं बघू पुढे कधीतरी.”

श्रीपतने त्यांच्याकडे नीट पाहिलं. दोन वर्षं याच माणसासमोर आपण हात पुढे करून उभे राहिलो, याची त्याला शिसारी आली. सामानात दोन शिशा पडल्या होत्या, तळाशी थोडं औषध उरलेलं. त्या आणि एक रिकामी बाटली त्याने उचलली.

“ठेव ते. संस्थेची मालमत्ता आहे.”

“नमुना ऱ्हायलाय एक,” श्रीपत म्हणाला आणि बाहेर पडला.

सकाळी वाडीच्या बायका पाण्यावर असतानाच तो नदीत उतरला. हात धुतले नाहीत. बाटली भरली, औषधं सोडली, बूच लावलं, उलटसुलट केली. हळूहळू पांढरा साका खाली बसला.

जानकीबाईने वाकून पाहिलं. “दुदावानी झालं रे. म्हंजे चांगलंच की.”

“चांगलं नाय, जानकीआये. पानी मेलंय.”

“मग त्या पुस्तकात तू चांगलं लिवलंस ते?”

तो सांगू लागला. पोलादपूरच्या बाटलीपाशी आला तेव्हा बायकांनी हंडे खाली ठेवले. कोणी शिव्या दिल्या नाहीत. जानकीबाई आपल्या पायांकडे बघत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, “तुज्या बापानं पान्यासाटी डोस्कं फोडून घेतलं रे.” श्रीपतला ती काठी त्या दिवशी लागली.

मंजुळाने फळीवरचा अहवाल काढून त्याच्या पिशवीत घातला. “जावा,” म्हणाली. “नोकरी गेली तर वाळू हाय.”

दत्तारामने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “असं लेखी दिलंस तर तुझं नाव कायमचं खराब होईल, श्रीपत. कुठल्या कचेरीत शिपाई म्हणूनसुद्धा कोणी घेणार नाही. आणि एवढ्याने नळ मिळेल याची खात्री मी देत नाही. फार तर पुन्हा तपासणी होईल.”

“व्हऊ दे. लिवा तुमी.”

दत्ताराम लिहीत गेला. पाचव्या जागेचे बावीस नमुने खोटे आहेत. ते पोलादपूर येथे भरले होते. मग त्याने पेन वर उचललं. “कारण? इथे कारण लिहावं लागतं.”

श्रीपतने आपल्या हातांकडे पाहिलं. काय सांगायचं? एका माणसाने हात धुतलेस का म्हणून विचारलं, हे कारण कुठल्या रकान्यात बसतं?

“लिवा, हात स्वच्च ठरवायला केलं.”

दत्तारामने मान वर करून पाहिलं, पण लिहिलं तसंच. श्रीपतने खाली सही केली, पूर्ण नावाची, बापाच्या नावासकट. ‘श्री.’ लावलं नाही. मग पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याचा अहवाल काढून कागदाशेजारी ठेवला आणि त्यावर बाटली ठेवली. पांढरा साका तळाशी गच्च बसला होता. बुडबुडा नव्हता.

दत्ताराम बाटली उचलायला पुढे झाला आणि हात मध्येच थांबला.

“हिला हात लावला तर चालेल ना?”

“लावा की,” श्रीपत म्हणाला. “मागनं धुवा तेवढं.”