भिंतीवरचा हात

मी जुना आहे, लोखंडी आहे आणि संशयी आहे. मित्रांनो, मी वजनकाटा. ज्याच्याकडे जन्मभर सगळ्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, त्यानं दुसरं काय व्हायचं?

कोल्हापूरच्या उद्यमनगरात तापल्या भट्टीत माझं लोखंड वितळलं आणि साच्यात निवलं. खाली रुंद पाट, वर पितळी दांडी, दांडीवर खाचा आणि खाचांवरून सरकणारं एक छोटं वजन, एवढाच माझा संसार. तिथून मी शाहूपुरीत बापूसोंच्या गुळाच्या पेढीवर आलो. त्यांच्या पत्नीनं, अक्काताईंनी, मला हळदकुंकू वाहिलं. त्याच दिवशी एका शेतकऱ्यानं वाकून माझ्या पाटाखाली पाहिलं.

"काय बघताय?" बापूसोंनी विचारलं.

"काय न्हाय. बघून घेतलेलं बरं, शेठ."

पुढं सगळी वर्षं अशीच गेली. गुळाचे रवे, म्हणजे या मोठ्या ढेपा, माझ्यावर चढत आणि उतरत. देणाऱ्याला वाटे मी कमी दाखवतो, घेणाऱ्याला वाटे मी जास्त दाखवतो. मग मीही शिकलो. पाटाच्या कडेला हळूच टेकलेली टाच मला कळे. ओल्या पोत्यातलं पाणी मला कळे. वजनमाप खात्याचा माणूस वर्षातनं एकदा येऊन शिक्का मारी आणि म्हणे, "काटा खरा हाय." ते ऐकलं की कितीतरी दिवस माझी दांडी ताठ राही.

मग आकडे चमकवणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी मागच्या गोदामात, भिंतीलगत झाली. दांडीवर गंज, पाटाखाली मुंग्या. सौद्याचा गलका दारातून ऐकू येई, पण मला कुणी हाक मारत नसे.

आणि एका सकाळी खुद्द बापूसोच माझ्यावर चढले. पाट कण्हला. मालक आता चांगलेच भारी झाले होते.

कारण मला अक्काताईंच्या बोलण्यातून कळलं. दर महावीर जयंतीला घरची मंडळी बाहुबलीच्या डोंगरावर दर्शनाला जात. अक्काताई पायऱ्या चढून जात आणि बापूसो पायथ्याशी सगळ्यांच्या चपला राखत बसत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वजन उतरल्याशिवाय गुडघे चढ सोसणार नाहीत.

"यंदा दोघांनी मिळून चढायचं," अक्काताई म्हणाल्या. "डोलीत न्हाय, पायानं. माझं गुडघं तरी अजून किती वर्सं ऐकणार हायत माझं?"

"चढू की."

"असं तुमी दर साली म्हणताय."

सूनबाई दीपा दांडीवरचं वजन सरकवू लागली. पण मला काहीतरी खटकलं. पाटावरचा भार डावीकडे हलका होता. मी दांडी हलवत राहिलो, स्थिर होईना.

"मामा, हात," दीपा म्हणाली.

बापूसोंचा डावा हात भिंतीला टेकला होता. "भिंत जुनी हाय, धरलीया जरा," असं म्हणून त्यांनी तो काढला. दांडी खाडकन वर गेली.

तेव्हापासून मित्रांनो, मी त्या माणसावर नजर ठेवली.

दिवाळीनंतर ते पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाऊ लागले. भाकरी अर्धी झाली, तूप बंद झालं. जेवण तर त्यांच्या घरी पहिल्यापासूनच सूर्य मावळायच्या आत. तरी दर रविवारी दांडी तिथंच. दीपाला माझाच संशय आला. ती सासूबाईंना म्हणाली, "आत्या, काटा गंजलाय. ह्याच्यावर काय विश्वास?" गुंडू हमालानं मला घासलं, तेल दिलं. इतक्या वर्षांनी अंगाला तेल लागलं, पण ते संशयापोटी. दांडी गुळगुळीत झाली आणि वजन होतं तेवढंच राहिलं. अक्काताईंना वाटे, हे रंकाळ्यावर बाकावर बसून येतात. मला वाटे, कुठंतरी भजी आहेत. बापूसो सगळ्यांकडे दुखावल्या डोळ्यांनी बघत आणि मला त्या डोळ्यांचाही संशय येई.

अशात नवा काटा बंद पडला आणि सौद्याच्या दिवशी मला पुन्हा बाहेर काढलं. सकाळी रवे तोलले. सौदा झाल्यावर पुन्हा तोलले तर जवळजवळ प्रत्येक रवा थोडा थोडा उतरलेला. बापूसोंचा आवाज चढला.

"गुंडू, गूळ कोण खातंय?"

गुंडू पोतं खाली ठेवून उभा राहिला. वाळक्या उसासारखा माणूस. "मालक, मी खाल्ला असता तर अंगावर दिसला असता की."

पेढीवरच्या एकेकाची नजर सावकाश फिरली आणि बापूसोंच्या पोटावर येऊन थांबली. त्यांच्या बोटांत गुळाचा खडा होता. चुरगाळलेला, निम्मा. निम्मा तोंडात होता.

सौद्याची रीतच तशी. रव्याच्या कडेचा खडा काढायचा, बोटांत चुरायचा, जिभेवर ठेवायचा आणि मग भाव बोलायचा. बापूसोंच्या वडिलांनी हेच केलं, त्यांच्याही वडिलांनी हेच केलं.

"ही चव हाय," बापूसो म्हणाले. "खाणं न्हवं. हा धंदा हाय."

"पोटाला कसं कळायचं, धंदा कुठला आणि खाणं कुठलं?" आतून अक्काताई म्हणाल्या. आणि बाहेर येऊन मला पुसता पुसता त्यांनी तिथंच ओवी जुळवली:

पिवळा धम्मक गूळ, बोटाएवढी त्याची गोडी,
बोटबोट चाखून बाई, डोंगराएवढी झाली कुडी.

गुंडू तोंड फिरवून हसला. बापूसो हसले नाहीत. पुढच्या सौद्याला एकही खडा त्यांनी तोंडात घातला नाही आणि संध्याकाळी भलताच भाव देऊन बसले. चवीशिवाय त्यांचा धंदा आंधळा होता.

मग अक्काताईंनीच तोड काढली. चव बघायची, पण गिळायची नाही. आवाराच्या पार टोकाला नळ होता, तिथं जाऊन चूळ भरायची. दर खड्याला एक फेरी. पेढीजवळ तांब्या ठेवू म्हणून बापूसोंनी घासाघीस केली. अक्काताई बधल्या नाहीत.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत ते घामाघूम झाले. हळूहळू मात्र वास घेऊन, बोटानं दाबूनच ते निम्मे रवे ओळखू लागले. उरलेल्यांसाठी चालू लागले. पहाटे अक्काताईही बरोबर जाऊ लागल्या. जिथून परत फिरायचं तिथून एक दिव्याचा खांब पुढं, एवढाच त्यांचा हट्ट. "खांबानं काय हुतंय?" बापूसो म्हणत. "मग चला की," त्या म्हणत.

दांडी एक खाच उतरली. मी मानलं नाही. भिंतीवर हात असणार, असं समजून मी डावीकडचा भार चाचपला. मग आणखी एक खाच उतरली. मग किती दिवस काहीच नाही, बापूसो चिडले, नळावर जायचे थांबले आणि खाच परत वर चढली. मला वाटलं, झालं, संपलं. पण तिसऱ्या दिवशी आवारातून चपलांचा आवाज आला. नळाकडं जाणारा.

महावीर जयंतीला पेढी बंद होती. सगळे डोंगरावर गेले. मी एकटा अंधारात विचार करत राहिलो. डोलीवाले पायथ्याशीच उभे असतात. कोण बघतंय? घरी येऊन सांगायचं, चढलो.

तिन्हीसांजेला दार उघडलं. "आजच कशाला?" अक्काताई विचारत होत्या.

"ह्याला कळू दे," बापूसो म्हणाले आणि माझ्यावर चढले.

मी आधी डावीकडं पाहिलं. हात मागं बांधलेले होते. दीपानं वजन सरकवलं, पण दांडी स्थिर होईना, बारीक बारीक थरथरत राहिली. मी पुन्हा संशयानं चाचपलं. ती थरथर भिंतीतून येत नव्हती. ती त्यांच्या पिंढऱ्यांतून येत होती, तळव्यांतून पाटात उतरत होती. पायऱ्यांनी दमवलेल्या पायांची थरथर. डोलीत बसून आलेल्या माणसाचे पाय असे कापत नाहीत.

"मामा, हलू नका," दीपा म्हणाली.

"मी कुठं हलतोय?"

अक्काताईंनी वजन बघितलंच नाही. त्या नुसत्या त्या पायांकडं बघत उभ्या राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी जुना कोपऱ्यात असेल. त्याला खुशाल तपासा, पण अधूनमधून तेलही द्या. त्याच्यावर उभं राहताना भिंतीवरचा हात काढा. आणि जिथून रोज मागं फिरता, तिथून एक खांब पुढं जाऊन या.

गेलात की नाही, ते मला पाय सांगतील.