तीन उभे, एक आडवा

माणसाने आधी पायातले काढावे आणि मग तोंड उघडावे, एवढी साधी रीत. सहा वर्षांनी दारात उगवलेल्या दिराने दोन्ही उलटे केले. बोलत बोलतच बुटांसकट आत शिरला आणि त्याने हातातली गिटारची पेटी वहिनीने नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरींच्या थप्पीवर ठेवली.

"ती पेटी उचला आधी, भावोजी," हातातली इस्त्री न थांबवता ती म्हणाली. "त्या दवाखान्याच्या चादरी आहेत. त्यांच्यावर आजारी माणसं निजतात, गिटारी नाही."

"वहिनी, तुम्ही अजून अगदी तशाच!"

"तशीच. दर वर्षी नवं सोंग घ्यायला मला सवड कुठाय?"

मागे कपड्यांवर पाणी मारणाऱ्या सुनेने तोंडाला पदर लावला. दीरही हसला. हसण्यावारी नेणे ही त्याची जुनी कला होती. तिच्या जोरावर आणि गळ्याच्या जोरावर तो मोठा गायक-गीतकार झाला होता. पोस्टरवर त्याचा चेहरा असे, तोही डोळे मिटलेला.

एकेकाळी हाच चार वर्षे तिच्या इस्त्रीच्या टेबलाखाली अंथरूण टाकून राहिला होता. तिच्याच हातचे खाल्ले, तिनेच इस्त्री केलेले सदरे घातले. मग तिचा नवरा, त्याचा थोरला भाऊ, आजारी पडला. अकरा दिवस. तो उठून बसला की घालील म्हणून तिने नवा सदरा इस्त्री करून उशाशी ठेवला होता आणि त्याच्या तापल्या कपाळावर हात ठेवून ती काहीबाही गुणगुणत होती.

राहू दे घडी, मोडू नको,
धरला हात सोडू नको.

सदऱ्याची घडी मोडली नाही. धाकटा त्या अकरा दिवसांत परगावी गाण्याच्या स्पर्धेला गेला होता. कळवूनही आला नाही. सगळे उरकल्यावर चौथ्या दिवशी उजाडला, हातात चषक घेऊन. पुढे महिनाभर तिच्या तोंडी तेच गाणे होते आणि टेबलाखाली हा कान देऊन पडलेला होता.

वर्षभराने दुकानातल्या रेडिओवर तिने ते गाणे ऐकले. आधी त्याचे बोलणे: "थोरल्या भावाच्या उशाशी अकरा दिवस बसून होतो. तो हातातून निसटत होता, तेव्हा हे सुचलं." तिची इस्त्री जागच्या जागी थांबली. गिऱ्हाइकाचा सदरा पाठीवर तळहाताएवढा जळला. आयुष्यात तिने जाळलेला तो एकच कपडा.

तेव्हापासून तीस वर्षे तो प्रत्येक कार्यक्रमात तेच सांगत आला. शिकलेल्या लोकांनी लिहिले, घडी म्हणजे क्षण. काय तो क्षण धरून ठेवण्याचा आकांत! "क्षण कसला मेला," ती सुनेला म्हणाली होती, "सदरा होता तो. बेचाळीसच्या मापाचा." बोलायला ती काही मुकी नव्हती. पण नुसत्या बोलण्याने याचे काय वाकडे होणार, हे तिला ठाऊक होते. तिने राग नीट घडी घालून ठेवला आणि वाट पाहिली.

आज तो आपल्या पायांनी आला होता.

"थेट अल्बम करतोय, वहिनी. हॉलमध्ये, लोकांसमोर. बासरीवाले येणार, व्हायोलिनवाली येणार, आणि..." त्याने एका मोठ्या गायिकेचे नाव घेतले. सुनेच्या हातातली बाटली थांबली. "सगळं एका दमात. गायलं ते गेलं, मागाहून पुसापुशी नाही. पण 'घडी' आम्ही दोघं गाणार, तर बाईंना एक कडवं हवं. तुमच्या तोंडी दुसरं एक कडवं असायचं ना?"

"होतं."

"आठवतंय?"

आठवत होते. शब्दन् शब्द. बाराव्या दिवशी रिकाम्या उशीशी बसून केले होते ते. ते तर ती याला मरतानाही देणार नव्हती.

"वय झालं, भावोजी. आठवायला दोन दिवस लागतील."

"घ्या की! आणि तुमची माणसं घेऊन या. हॉल भरला पाहिजे, टाळ्या भरघोस यायला हव्यात. किती जण आणता?"

"माझी गिऱ्हाइकं आहेत साठ-सत्तर."

"सगळी आणा!" तो खूश झाला. "आणि त्या दिवशीचा सदरा तुमच्या हातचा."

"पाठवून द्या. कडक करून देते."

तो गेल्यावर सून म्हणाली, "आई, अहो, खरंच देणार तुम्ही त्यांना कडवं?"

"देणार तर. मागितलेलं दिलं नाही असं या घरात कधी झालंय?"

तिला अक्षर येत नव्हते. सही करायची ती तीन उभ्या रेघांची आणि एका आडवीची. शाळेत गेली तेवढ्या दिवसांत तितकेच जमले होते. कपडे धुवायला मोठ्या धुलाईखान्यात जात, तिथे पन्नास दुकानांचे कपडे एकत्र होत. आपले ओळखू यावेत म्हणून प्रत्येक दुकानाची खूण. तिची खूण कॉलरच्या आत, लाल दोऱ्याने: तीन उभे टाके, एक आडवा. गिऱ्हाइकांना ती पाठ होती. कपडा बदलला की ती कॉलर उलटून दाखवत आणि भांडत. दिराने मात्र चार वर्षांत एकदाही कॉलर उलटून पाहिली नव्हती. त्याला आयते घालायची सवय.

तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तिने टेबलाला टेकून, डोळे मिटून, अगदी पोस्टरवरच्यासारखे, कडवे म्हणून दाखवले.

कॉलर उलटून पाहा, गड्या,
तीन उभे नि एक आडवा;
अंगी कुणाच्या, कापड कुणाचे,
हात कुणाचा, आठवा!

दिराने मांडीवर थाप मारली. "कॉलर! किती रोखठोक! आणि तीन उभे म्हणजे... बालपण, तारुण्य, म्हातारपण. आणि आडवा तो मृत्यू! वहिनी, तुम्हाला कळतंय का, तुम्ही काय बोलून गेलात?"

"मला काय कळणार, मी अडाणी. अर्थ काढणं तुमचं काम."

सून घाईघाईने मोरीत निघून गेली.

अल्बमच्या दिवशी दुपारी चारला हॉल गच्च भरला. गिऱ्हाइकांनी तिच्याच हातच्या इस्त्रीचे कपडे घातले होते: शाळेचे मुख्याध्यापक, दवाखान्यातल्या दोन परिचारिका, टपालवाला, दंतवैद्य आणि त्याची जाडी बायको. ती पहिल्या रांगेत मधोमध बसली. मंचावर माइकांचे रान माजले होते.

दीर पांढऱ्या कडक सदऱ्यात आला. गाणी झाली, बासरीवाल्यांनी लोकांना रडवले, व्हायोलिनवालीने उठवून नाचवले. मग दिवे मंद झाले आणि त्याने डोळे मिटले.

"थोरल्या भावाच्या उशाशी अकरा दिवस..." सगळे पूर्वीसारखेच, शब्दही न बदलता. ती ऐकत राहिली. नखे तळहातात रुतली होती. "आणि आज याचं दुसरं कडवं. परवा पहाटे जाग आली आणि कुणीतरी कानात सांगावं तसं आलं."

त्याने पहिले कडवे म्हटले. आवाज हुबेहूब थोरल्याचा होता. त्यावर तिच्याकडे इलाज नव्हता.

मग पाहुण्या गायिकेने तान घेऊन कडवे उचलले. कॉलर उलटून पाहा, गड्या...

पाचव्या रांगेत टपालवाल्याचा हात आपोआप मानेकडे गेला. तीन उभे नि एक आडवा... दंतवैद्याच्या बायकोने नवऱ्याची कॉलर खसकन उलटली आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, ही तर आपल्या इस्त्रीवाल्या बाईंची खूण!" हशा पिकला. इकडे कॉलर, तिकडे कॉलर, माना वळल्या, लोक एकमेकांना दाखवू लागले, पहिल्या रांगेतल्या तिच्याकडे बोटे करू लागले. मुख्याध्यापकसुद्धा उभे राहिले. दीर डोळे मिटूनच होता. त्याला वाटले, लोक भारावले. दुप्पट जोराने तोही गाऊ लागला. हात कुणाचा, आठवा!

गायिका मोठी तिखट बाई. तिने लोकांकडे पाहिले, पहिल्या रांगेत ताठ बसलेल्या म्हातारीकडे पाहिले, मग गाता गाताच दिराच्या मागे गेली आणि दोन बोटांनी त्याची कॉलर उलटली.

"अहो," ती माइकमध्ये म्हणाली, "इथेही आहे की! लाल दोऱ्यात!"

असा हशा त्या हॉलने कधी ऐकला नसेल. दिराने डोळे उघडले. बासरी मध्येच थांबली. मागच्या काचेआड ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावरचे दिवे लुकलुकत होते. एक शब्दही गळत नव्हता.

म्हातारीला बरे वाटले. खोटे कशाला बोला, फार बरे वाटले.

मंचामागच्या खोलीत दीर खुर्चीवर बसला होता. कॉलर तशीच उलटलेली. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला तो सांगत होता, "ते गाणं काढून टाका. पूर्ण."

"ते काढलंत तर माझा आवाज सगळ्या अल्बममधून काढा," गायिका म्हणाली. "दहा वर्षांत इतकं खरं काही गायले नव्हते मी." आणि दारात उभ्या असलेल्या म्हातारीला वाट देत ती बाहेर पडली. तिच्यामागे ध्वनिमुद्रणवालाही गेला.

"चार लोकांत माझी अब्रू घेतलीत, वहिनी," दीर म्हणाला. आवाजातले हसणे आज सापडत नव्हते त्याला. "एका गाण्यासाठी? एकदा मागितलं असतंत तर तुमचं नाव घातलं असतं मी."

ती जवळ गेली. त्याची कॉलर तिने सरळ केली, अंगठ्याने शिवणीवरून दाबून बसवली, खांद्यावरची चुणी काढली. कामाची सवय, हात थांबत नाहीत. मग एक पाऊल मागे सरून तिने त्याच्याकडे पाहिले.

"गाण्याचं मी सोडून दिलं असतं, भावोजी. गाणं काय, तोंडातून बाहेर पडलं की जगाचं. पण अकरा दिवस त्यांच्या उशाशी मी बसले होते, आणि ते बसणं तुम्ही तीस वर्षं अंगात घालून हिंडलात. घालून घ्या हवं तर. पण तुम्हाला ते कधी बसलं नाही. मापाचं नव्हतंच तुमच्या."