हवाबंद

लातूर जिल्हा झाला, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या आणि नेमकी पावसाने पाठ फिरवली. चंद्रप्पांच्या कारखान्यावर तर दुष्काळात तेरावा महिना आला. लष्करासाठी दारूगोळ्याचे डबे करायचं त्यांचं काम सरकारने बंद केलं. पण त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही. सोडलं असतं तर बरं झालं असतं! त्याच यंत्रांवर प्रेशर कुकर करा, माल आम्हीच उचलतो, दुष्काळी कामावरच्या बायकांना वाटतो, असा हुकूम आला. पाणी कमी, जळण कमी. कल्पना काही वाईट नव्हती. एरवी सरकारी काम अन् सहा महिने थांब, पण इथे मंत्र्यांच्या दौऱ्याची तारीख ठरली होती.

तपासायला जुनेच लष्करी तपासनीस आले. त्यांनी शिट्टीला बूच लावून कुकर पाण्यात बुडवले. एकही बुडबुडा आला नाही. शिक्के मारले, चहा प्याले, गेले. माल ट्रकने शेजारच्या जिल्ह्यात, मंत्र्यांच्या कार्यक्रमासाठी भोकरला रवाना झाला. आपली माणसं कामावर राहिली, यातच चंद्रप्पा खूश होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या बायकोने, रत्नम्मांनी, घरी ठेवून घेतलेल्या कुकरमध्ये तुरीची डाळ लावली.

"अहो, ह्याची शिट्टीच वाजंना की," त्या आतून म्हणाल्या.

चंद्रप्पा आत गेले. स्टोव्हवरचा कुकर गप्प होता आणि झाकण वर फुगलं होतं. बायकोला बाहेर ढकलून त्यांनी स्टोव्हची हवा सोडली आणि टँकरच्या पाण्याची अख्खी घागर कुकरवर ओतली.

गार झाल्यावर झाकण उघडलं. डाळीचं साल शिट्टीच्या नळीत अडकलं होतं. असं होतंच. त्यासाठीच झाकणात दुसरी वाट ठेवतात; वाफ फार कोंडली की तिथली गोळी उडते. चंद्रप्पांनी झाकण उलटं केलं. गोळीवर काळ्या रोगणाचा दगडासारखा थर होता.

त्यांनी कारखान्यातला जुना कारागीर पंढरी याला बोलावलं.

"हे रोगण कुणी लावलं?"

"मीच की, मालक," पंढरी अभिमानाने म्हणाला. "डब्याला लावत होतो तसंच. वारा बी आत जायचा न्हाई."

"सगळ्यांना?"

"एक बी सोडला न्हाई."

त्याच्यावर ओरडून उपयोग नव्हता. जुनी यंत्रं कुकरसाठी जुळवून घ्यायला सरकारने मदत दिली होती. पंढरीला नवं काम समजावून सांगायला मात्र कुणीच आलं नव्हतं, आणि ते चंद्रप्पांनी स्वतःही केलं नव्हतं.

त्यांनी भोकरच्या तहसील कचेरीला ट्रंक कॉल लावला. तिकडचा कारकून मोठ्या खुशीत होता.

"लई झकास कार्यक्रम झाला सकाळी! कुकरसंगं तूरडाळ बी वाटली. मंत्रीसाहेबच म्हणले, आजच शिजवा."

"ते कुकर चुलीवर ठेवू देऊ नका! गावोगाव माणसं धाडा, दवंडी द्या!"

"आता? बाया तर कवाच घरी गेल्या. तुम्ही इतकं घाबरून काहून राहिले?" कारकून हसला, मग एकदम थांबला. "जरा थांबा, मालक. बाहेर लई लोक पळत येऊन राहिले."