नागडी कवंद

पावलिनचा जावई कैतान तिसऱ्यांदा तिच्या लेकीला, रेमेतला, न्यायला आला, तेव्हा वस्तीतली कुत्रीसुद्धा भुंकली नाहीत, नुसती बाजूला झाली. पहिल्या खेपेला त्याने रेमेतला नेऊन दात पाडून परत धाडलं होतं. दुसऱ्या खेपेला पाठीवर उलथन्याचे डाग. दोन्ही वेळा वस्तीचा गावकार मिंगेल म्हणाला होता की बायको नवऱ्याच्या घरीच शोभते. मिंगेलची स्वतःची बायको माहेरी राहते, पण न्याय देताना माणसाला आपलं घर आठवत नाही.

या वेळी रेमेतच्या मांडीवर पोर होतं, पहिलंच. आणि पहिलं पोर बापाच्या घरी जातं ते आईच्या आईने शिवलेल्या कवंदीत. कवंद म्हणजे इथल्या सिद्दी बायकांची गोधडी. माझ्या शिवणदुकानातल्या निम्म्या चिंध्या त्यातच जिरतात, म्हणून सांगतो, हिला काठाला पट्टी लागत नाही. पहिल्या टाक्यालाच कड आत दुमडायची आणि चहूबाजूंनी फेर घेत मध्यावर यायचं. मधलं भोक बुजलं की शिवण संपली, कवंद संपली नाही. चारी कोपऱ्यांवर दुमडलेल्या चिंधीची फुलं बसायला हवीत, आणि तीही पहिला टाका घालणाऱ्या हातानेच. फुलांवाचून कवंद नागडी. नागड्या कवंदीत पोर सासरी धाडायची छाती वस्तीत कोणाची नाही, मिंगेलचीही नाही.

पावलिनने मधलं भोक कधीच बुजवलं होतं. फुलांनाच मुहूर्त मिळत नव्हता. कधी डोळे पाणावत, कधी उपास असे, कधी कापड मनासारखं नसे. मी लाल काढून दिलं, पिवळं दिलं. दोन्ही रंग म्हणे पोराला शोभत नव्हते. मी दुकानदार माणूस. गिऱ्हाइकाला कापड नकोच असलं की मला कळतं. दोन्ही तुकडे पुन्हा गाठोड्यात टाकले.

सासरी ठाण मांडून बसलेल्या कैतानलाही कळलं. एका रविवारी त्याने कवंद दोरीवरून ओढली, माझ्याकडे आणली आणि सगळीकडून पट्टी मार म्हणाला. मी म्हटलं, हिची कड उघडीच नाही, पट्टी कशावर मारू? त्याने माझी कात्री भिंतीवर फेकली; ती कॅलेंडरवरच्या संताच्या खांद्यात रुतली. मग हल्याळच्या बाजारात जाऊन त्याने कोणाकडून तरी हिरवी चकचकीत पट्टी मारून घेतली, चारी कोपरे झाकून. परत आला तो पिऊनच, आणि कवंद मिंगेलच्या अंगणात सगळ्यांच्या देखत आपटली.

"घ्या, झाली पुरी. कोपरेच ठेवले नाहीत, मांय. फुलं आता माझ्या टाळक्यावर लावा."

दोघे-तिघे हसले. मिंगेलने हसू मिशीत ठेवलं. पावलिन खाली बसली आणि पट्टी दातात धरून उसवू लागली. एक कोपरा मोकळा झाला. कैतानने तिच्या कमरेत लाथ घातली. ती कुशीवर पडली, पण पट्टी सोडली नाही. दुसरा कोपरा सुटू लागला, तशी त्याने तिचा उजवा हात दगडी पायरीवर खेचला आणि वर बुटाची टाच घातली. मग पुन्हा. वाळकी फांदी मोडल्यासारखं कडकडलं. तो आवाज विहिरीवरच्या बायकांनीही ऐकला.

पुरुषांतला एकही हलला नाही. त्यात मलाही धरा. रेमेतने पोर शेजारणीकडे दिलं, मिंगेलच्या उखळातलं मुसळ उचललं आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर घातलं. तो बसला. पुढचा घाव खांद्यावर, त्याच्या पुढचा तोंडावर. दाताची फेड झाली, पाठीची झाली, असं मी मनात मांडत होतो. तिला कसलाच हिशेब नव्हता, ती मारत सुटली होती. मिंगेलने मुसळ धरलं तेव्हा कैतानची हनुवटी रक्ताने भिजलेली होती, आणि तरी तो ओरडत होता की बायको माझी, पोर माझं, आजच नेणार.

मिंगेल पावलिनच्या हाताकडे बघत राहिला. बोटं बोटांसारखी उरली नव्हती.

"ने की," तो म्हणाला. "फुलं लागली की ने."

"मग लावा म्हणावं थेरडीला."

"कशानं लावील, लेका? पहिला टाका ज्या हाताचा, तो आत्ताच तू मोडलास."

कैतान त्या हाताकडे बघू लागला. दारूत बुडालेल्या डोक्यात ते उतरायला वेळ लागला. उतरलं तेव्हा तो पुन्हा उठायला गेला, पण गुडघ्याने साथ दिली नाही. संध्याकाळी त्याला बैलगाडीत घालून त्याच्या गावी पोचवलं.

पावलिनच्या हाताला बांबूच्या कामट्या बांधल्या. बोटं वाकडी का होईना, जुळली. फणस पिकायला लागले तसा कैतानने आपला काका चौकशीला धाडला. पावलिन दारात कोयत्याने फणस फोडत होती, उजव्याच हाताने. काकाने हळूच फुलांचं विचारलं. तिने हात पुसले, केसांतली सुई काढली, बोटांत धरली आणि त्याच्यासमोर खाली सोडली. म्हाताऱ्याने वाकून ती उचलून दिली. तिने पुन्हा सोडली.

"बघा ना, बाबा. धरवतच नाही."

काकाने पोटभर गरे खाल्ले आणि तो चालू लागला. आत पोर नागड्या कवंदीवर मुतून गाढ झोपलं होतं.