होल्ड ऑन

बाबा कुरुंद्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. मी सुट्टीला घरी आले होते, म्हणून त्या दुपारी त्यांचा डबा घेऊन गेले. वर्गात दोराचं एक टोक मुलांच्या हातात देऊन दुसरं ते स्वतः ओढत होते.

"होल्ड ऑन! सोडायचं न्हाई!"

"सर, हात सोलवटून राहिले!" पुनम ओरडली.

"पण अर्थ कळून राहिला ना? आजारी माणसालाबी असंच म्हणतात. तग धर."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंगणात कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. नांदेडच्या डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं. तरी मी रोज त्यांच्या कानाशी 'होल्ड ऑन' म्हणत राहिले. खाटेच्या पलीकडे आई हळू आवाजात बुद्धाचं त्रिशरण म्हणायची. पडून पडून बाबांच्या पाठीला जखमा झाल्या. कूस बदलताना ते कण्हायचे आणि मी पुन्हा तेच म्हणायचे.

एका संध्याकाळी आई म्हणाली, "किती तकलीफ होऊन राहिली त्यांना. काहून अडवून राहिलीस गं? तुझं ऐकूनच थांबलेत ते."

घरातून निघणाऱ्याला आमच्याकडे 'जा' म्हणत नाहीत, 'या' म्हणतात. बाबा शाळेत निघाले की मीही तेच म्हणायचे. आता ते कुठे परत येणार होते?

मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "मी राहीन तुमच्याशिवाय. जा तुम्ही."