कानसेनाचा डास

"कानसेन, चहा ठेवलाय," पहारेकरी दारातून म्हणाला.

पंपघराच्या ऑपरेटरने मान हलवली, पण मोटरीजवळून तो हलला नाही. पंप व्यवस्थित चालू होता. पाइपातून पाणी घोंघावत होतं. फक्त ती बारीक शीळ नव्हती.

मोटरीचं दुखणं तो नुसत्या आवाजावरून ओळखायचा, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. हे नाव त्याला बढतीपेक्षा प्यारं होतं. गेल्या आठवड्यात जुना स्टार्टर काढून मोटरीचा वेग कमीजास्त करणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह बसवला होता. पूर्वी मोटर सुरू होताना धाडकन दणका बसे, दिवे मंदावत. आता ती हलक्या पावलाने उठे, पण उठल्यापासून शीळ घाली. ड्राइव्ह बसवणाऱ्या इंजिनिअर मुलीला त्याने सुनावलंही होतं, "अगं, हा काय डास पाळलाय आत? डोकं उठलं माझं."

आणि आज डास गायब.

कानसेनाने मोटरीला कान लावला. शीळ नाहीच. त्याचा बाप याच कामात बहिरा झाला होता. आधी बारीक आवाज गेले, मग आईचा, मग सगळ्यांचेच. घरातले ओरडून ओरडून थकले आणि हळूहळू त्याच्याशी बोलायचेच थांबले. बाप स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ दातांत धरायचा. हाडातून तेवढं पोचायचं. मोटरीचं कळायचं, बायकोचं नाही.

कानसेनाने स्क्रूड्रायव्हर उचलला आणि परत ठेवला. हाडातून बहिऱ्यालाही पोचतं, त्याची साक्ष काय कामाची? पहारेकऱ्याला विचारायचीही सोय नव्हती. 'तुला ती शीळ ऐकू येते का रे' असं कानसेनानेच विचारायचं, म्हणजे झाकली मूठ आपल्याच हाताने उघडायची. चहावर साय धरली तरी तो तिथेच उभा होता.

दुपारी बायकोचा फोन आला. नळ गळतोय, धाकटी रुसलीय, येताना साबण आणा. एरवी त्याने दोन वाक्यांत फोन ठेवला असता.

"अहो, आहात ना?"

"आहे. बोल तू. काहीही बोल."

"बरं आहे ना तुम्हाला?"

बरं आहे म्हणताना त्याचा आवाज चढला, आणि बापही असाच मोठ्याने बोलायचा हे आठवून त्याने आवाज खाली आणला.

संध्याकाळी इंजिनिअर आली. "काय काका, खूश ना आता? काल तुम्ही घरी गेल्यावर तुमचा डास मारला."

"म्हणजे?"

"हा ड्राइव्ह मोटरीला वीज तुकडे पाडून देतो. ते तुकडे आता जास्त भराभर पाडायला लावलेत. आवाज इतका बारीक झालाय की मलासुद्धा येत नाही. हे बघा, आधीचं करून दाखवते."

तिने बटणं दाबली. शीळ आली, चांगली कानात घुसणारी. तिने पुन्हा बटणं दाबली. शीळ गेली.

कानसेन मटकन स्टुलावर बसला. सकाळपासून छातीवर ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून नेला होता. न सांगता बदल केला म्हणून तिला झापावं की तिचे पाय धरावेत, त्याला कळेना. डोळे भरून आले, ते पुसायचंही सुचलं नाही.

"पाणी देऊ का, काका?" तिने हळूच विचारलं.

"पुन्हा म्हण."

"ऐकू नाही आलं?"

"आलं. म्हणून तर."